अनारसे दुबईला नेऊ नका हो!

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळी जवळ आली की पेपरात टूरच्या जाहिराती सुरू होतात, दुबई, थायलंड, सिंगापूर-मलेशिया, आणि त्याच्या बाजूला एक लेख असतो, पासपोर्टची झेरॉक्स ठेवा, पायात बूट घाला, पाणी भरपूर प्या. ठीक आहे, पण आपली माणसं दिवाळीत परदेशात जातात तेव्हा बॅगेत नक्की काय कोंबतात ते लिहिणाऱ्याला माहीत नसावं बहुतेक. फराळ! निम्मी बॅग फराळाचीच असते आणि त्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी दुबईत असते. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं तिच्याकडे निघालो, मी आठ दिवस आधीपासून कामाला लागले, चकल्या, चिवडा, शंकरपाळे आणि तिचे लाडके अनारसे. डब्यांचा फोटो तिला पाठवला तर लगेच तिचा फोन, आई ते अनारसे आधी बाहेर काढ. मला वाटलं डाएट वगैरे सुरू केलंय. तर म्हणाली खसखस! इकडे खसखस बंदी आहे, एअरपोर्टवर सापडली तर केस होते. मी हसलेच आधी. अहो खसखस, चिमूटभर, तीस वर्षं मी अनारसे खसखशीवर थापतेय. पण खरं आहे ते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातली बी, तिला अफूचा अंश चिकटलेला असू शकतो म्हणून संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. सिंगापूरलाही चालत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते आणि बी वाण्याकडे पुडीत मिळते त्यामुळे आपल्या डोक्यातही येत नाही. आणि नुसते अनारसे नाहीत बरं का, करंजीच्या सारणात खसखस असते, बऱ्याच घरी गोड्या मसाल्यात असते, कांदा-लसूण मसाल्यात असते, आणि मुलीकडे जाताना मसाल्याची बरणी नेत नाही अशी आई मला दाखवा.

आमच्या टूरवाल्याकडूनच तिकिटं आणि व्हिसा केला होता, त्याने चांगली दोन पानी यादी दिली होती, त्यात टोपी आणि सनस्क्रीन होतं पण खसखस नव्हती. विचारलं तर म्हणाला काकू इतकं कोण बघतं. नसेलही बघत, पण ज्याची बॅग उघडली त्याने काय करायचं?

मग मी जरा शोधाशोध केली आणि एकेक कळत गेलं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चेक-इनच्या बॅगेत घेत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती. ऑस्ट्रेलियात पेढे-बर्फी अशी दुधाची मिठाई भारतातून नेता येत नाही, आणि बाकी जे काही खायचं न्याल ते फॉर्मवर लिहावंच लागतं, लिहून दाखवलं तर फार तर काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड. नातवासाठी फुलबाज्या नेणारेही असतात, त्या तर विमानात अजिबात नाहीत, काडेपेटीसुद्धा नाही. आणि हॉटेलच्या खोलीत लक्ष्मीपूजनाला उदबत्ती लावताना वर छताकडे बघा, धुराचा अलार्म असतो, आमच्या ओळखीच्या एकांनी अख्खा मजला खाली उतरवला होता.

फराळाइतकीच औषधांची भानगड. आमच्या वयात गुडघे, कंबर, खोकला काही ना काही चालू असतंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखणं थांबवणारं ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्यावर देतात ते प्रीगॅबलिन, ही सगळी अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघायच्या आधी घ्यायची असते. मिस्टरांची एक गोळी त्यातलीच निघाली! डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. बाकी गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठी सोबत, स्टीलच्या डबीत मोकळ्या भरून नेऊ नका.

आता सोनं. धनत्रयोदशीला दुबईच्या बाजारात आपल्या बायकांची ही गर्दी असते आणि प्रत्येकीला कुणीतरी सांगितलेलं असतं की येताना बाईला 40 ग्रॅम दागिन्यांवर कस्टम ड्यूटी माफ, पुरुषाला 20. अहो ती सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून परत येणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या टूरवाल्यांसाठी नाही. आणि घरचे जुने दागिने अंगावर घालून जाणार असाल तर जातानाच कस्टमकडून तसा कागद करून घ्या, नाहीतर येताना हे माझंच आहे म्हणून सांगत बसा. दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं रुपयात की दिरहममध्ये, रुपये बघून बरं वाटतं पण दिरहमच म्हणा, रुपयाचा भाव ते त्यांच्या सोयीने लावतात.

आणखी एक, दुबईत तिथल्या नेटवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, मेसेज जातात. पाडव्याला सासूबाई इकडे फोन धरून बसल्या होत्या, त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. थायलंड-सिंगापूरवाल्यांनी आगमनाचं ऑनलाइन कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या ठिकाणी आलात.

तर साहेब, विनंती एवढीच की यंदा त्या टूरच्या जाहिरातींच्या शेजारी एक छोटी चौकट छापा, खसखस, खोबरं, औषधं आणि सोनं, आणि टूरवाल्यांनीही ते आपल्या यादीत सनस्क्रीनच्या वर टाकावं.

आमचे अनारसे शेवटी शेजाऱ्यांनी खाल्ले. मी नुसतं पीठ नेलं डब्यात, तिथे मुलीच्या ओट्यावर बिनखसखशीचे थापून तळले, पहिले दोन तुपात हसले, म्हणजे पसरून विरघळले, बाकीच्यांना जाळी छान पडली. जावई म्हणाले फरक कळत नाही. मला कळला.

आपली एक नियमित वाचक,
डोंबिवली