आवाज कुणाचा, हे विचारू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीसाठी आपण ‘आतला आवाज’ या विषयावर वाचकांची पत्रं मागवली आहेत. मी ख्रिस्ती आहे. चौतीस वर्षं परिचारिकेची नोकरी करून आता पारनेर तालुक्यात आमच्या गावी राहते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य वरचेवर कानावर येतं. त्या वाक्यापायी माझी धाकटी बहीण जाता जाता वाचली.

तिला एकोणिसाव्या वर्षापासून इन्शुलिन चालू आहे. सहा वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक उपदेशक तीन दिवसांच्या सभांसाठी आले होते. शेवटच्या रात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माईकवर सांगितलं, “प्रभू मला सांगतोय, तू बरी झालीस. आता सुई टोचलीस तर तो अविश्वास होईल.” मंडपात हालेलुयाचा गजर झाला आणि लगेच दानाची थैली फिरली. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या मनात तेव्हा दोनच शब्द आले: ऊठ, बोल. मी उठले नाही. सगळे आनंदाने रडत असताना आपणच शंका काढायची म्हणजे आपलाच विश्वास तोकडा, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे भाच्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा तिला उलट्या होत होत्या, धाप लागली होती आणि श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता. इन्शुलिन थांबलेल्या रुग्णांचा तो वास मी वॉर्डात कितीदा घेतला आहे. चार दिवस ती आयसीयूत होती.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. पुरावा म्हणून तो स्तोत्रातलं वचनच म्हणून दाखवतो. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढंच सांगतो. हा अध्याय मी संडे स्कूलपासून ऐकत आले आहे. तो आमच्या घरातल्या सुईबद्दल बोलतो आहे, हे मला आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर कळलं.

मग देवाचा आवाज ओळखायचा कसा? मला जे थोडं उमगलं ते धनगरांकडून. दिवाळीनंतर ढवळपुरीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. जाता जाता एखादी रात्र आमच्या शेतात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसतो. एकदा पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले. आता निवडानिवडीत दिवस जाणार, असं मी धरून चालले होते. तर एका धनगरीणबाईने नुसती हाक दिली आणि तिची मेंढरं वेगळी होऊन तिच्यामागे निघाली. लहान कोकरं तेवढी गोंधळून मधेच उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, “त्यास्नी आजून आवाज कळंना, बाई. चार म्हैनं संगं चालली की कळतंय.”

‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ हे योहानातलं वचन आमच्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं आहे. त्यातलं हे संगं चालणं मात्र आम्ही विसरतो, आणि एका रात्रीच्या सभेत सगळं ऐकू यावं अशी आशा धरतो. आता मी पहाटे एक अध्याय वाचते आणि मग गप्प बसते. देव असं सांगतोय असं वाटलं, तर तारीख घालून वहीत लिहिते आणि काही महिन्यांनी पुन्हा काढून वाचते. त्यातलं पुष्कळसं माझीच इच्छा निघते. वाटणीच्या जमिनीबद्दल देवाने सांगितलं म्हणून मी जे लिहिलं होतं, ते सरळ माझ्या सोयीचं होतं.

बायबलमधल्या बाल शमुवेलालाही आधी देवाचा आवाज ओळखता आला नव्हता. म्हातारा याजक एलीच हाक मारतोय असं समजून तीनदा तो त्याच्याकडे धावला. शेवटी त्याने जे ऐकलं ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं, आणि ते सांगायला पोरगं सकाळपर्यंत घाबरत होतं. म्हणून कुणी देवाचा निरोप आणला, की त्यात आणणाऱ्याचा काय फायदा आहे, हे मी आधी पाहते.

बहीण आता मंडळीच्या प्रीतिभोजनातही पानावर बसण्याआधी सगळ्यांच्या देखत इन्शुलिन घेते. आमच्या पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे की सभेत ‘देवाने सांगितलं’ असं कुणी म्हटलं, तर ‘कशावरून?’ असं विचारायला लोकांना मोकळीक द्या. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करा असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि संपादक महोदय, अशा सभांच्या जाहिराती आपल्याकडेही येत असतील. त्यांखाली एक ओळ छापा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध बंद करू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर