कृष्णवर्णीय मुलांच्या आईवडिलांनाही आधार द्या : न्यू जर्सीच्या शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

मा. शिक्षण आयुक्त,
न्यू जर्सी राज्य, ट्रेंटन

सप्रेम नमस्कार.

शाळेत वंशभेदाचा प्रसंग घडला की समुपदेशक मुलाशी बोलतात, तक्रारीचा फॉर्म भरला जातो, आणि संध्याकाळी मुलगा घरी येऊन खोलीचं दार लावून घेतो. आईवडिलांनी त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणी सांगत नाही. ते शिकण्याची सोय शाळांमार्फत करा, एवढीच माझी मागणी आहे.

माझा नवरा कृष्णवर्णीय, मी पुण्याची. मुलगा आठवीत आहे. वर्गात कुणीतरी त्याचे केस ओढून घाणेरडं बोललं, त्या रात्री जेवताना नवरा त्याला म्हणाला, "पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेव." मुलगा पोलिसांबद्दल बोलतच नव्हता. पण नवऱ्याला त्याच्या आईने हेच शिकवलं होतं, आणि भीती पोटात असली की तेच तोंडात येतं. ती भीती खोटी नाही. २०१४ साली क्लीव्हलंडमध्ये खेळण्यातलं पिस्तूल जवळ असलेल्या १२ वर्षांच्या टमीर राइसला पोलिसांनी येताक्षणी गोळी घातली. कुठला कृष्णवर्णीय बाप हे विसरेल? माझ्या माहेरची शिकवण म्हणजे 'दुर्लक्ष कर, अभ्यास कर'. मुलाचं दुखणं दोन्हीकडून तसंच राहिलं.

यावर काम झालेलं आहे, तेही आपल्या कॅम्डेनच्या नदीपलीकडे, फिलाडेल्फियात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड स्टीव्हन्सन सांगतात, आधी मुलाला विचारा : आत्ता ताण दहापैकी किती? अंगात कुठे जाणवतो? मनात काय बोलणं चाललंय? मग सावकाश श्वास घ्यायला लावा. "पोटात. आठ." एवढं उत्तर आलं तरी बोलणं सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ रियाना अँडरसन यांच्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठीच्या 'एम्ब्रेस' कार्यक्रमात तर मुलांबरोबर आईवडिलांच्या स्वतःच्या जुन्या जखमांवरही काम होतं. मला हे फार मोलाचं वाटतं; बापाने स्वतः कधी न बोललेलं तो मुलाशी कसं बोलणार?

कायदे करण्यात आपलं राज्य मागे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच राज्यातल्या ब्युएना गावच्या एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीगीराला 'केस काप, नाहीतर कुस्ती सोड' असं पंचाने सांगितलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या जटांना कात्री लागली. वर्षभरात केसांवरून भेदभावाला बंदी घालणारा क्राउन कायदा इथे झाला. तीच तत्परता आता पालकांसाठी दाखवा.

कृष्णवर्णीय मानसतज्ज्ञांनी चालवलेले पालकगट सुरू करा. ते संध्याकाळी भरू देत, चर्चमध्ये, वाचनालयात. तिथे जेवण असू दे आणि धाकट्या मुलांना सांभाळायला माणूस. माझ्या सासूबाई नेवार्कमध्ये दोन-दोन नोकऱ्या करायच्या. दुपारची पालकसभा त्यांना कधी जमली नाही, आणि शाळेने त्यांना बेफिकीर ठरवलं. ते आजही त्यांच्या मनातून जात नाही.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण एडिसन-प्लेन्सबरोतली आमची मराठी मुलं याच वर्गांत बसतात, आणि रंगावरून माणूस जोखणं ती बरेचदा आमच्याच घरांत शिकतात. इंग्रजी प्रत सोबत पाठवते आहे. पुढच्या शालेय वर्षात निदान एका काउंटीत तरी सुरुवात करा.

आपली,
एक आई, मिडलसेक्स काउंटी