प्रक्षेपण हक्क आणि क्लबांची कर्जे: सशुल्क अभ्यासक्रमातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन अभ्यासक्रम विभाग

विषय: युरोपीय फुटबॉल क्लबांच्या अर्थकारणावरील मराठी अभ्यासक्रमात चुकीची माहिती व सदोष तक्ता दिल्याबद्दल तक्रार; दुरुस्ती आणि अंशतः शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही सहा ग्राहकांनी प्रत्येकी 6,000 रुपये भरून आपला वरील अभ्यासक्रम घेतला. बारा पाठ, सोबत एक्सेलचा नमुना तक्ता आणि शेवटी चाचणी असे त्याचे स्वरूप आहे. 'क्लबचा ताळेबंद स्वतः वाचायला शिका' असे आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले आहे. तिकीटविक्री, प्रायोजकत्व आणि स्टेडियमच्या खर्चावरचे पाठ नीट आहेत, त्यांबद्दल काहीच म्हणणे नाही. पाठ 4, 5, 7 आणि 9 मात्र असे आहेत की ते शिकलेला माणूस ताळेबंद उलटा वाचेल. मराठीत या विषयावर शिकण्यासारखे फार थोडे उपलब्ध आहे, म्हणून नवा विद्यार्थी आपल्या शब्दावर विसंबतो. त्यामुळेच हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

चारही पाठांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. 'करार झाला' आणि 'पैसे जमा झाले' या दोन गोष्टी आपण सर्वत्र एकच धरल्या आहेत. क्लब बुडतात ते नेमके या दोहोंमधल्या अंतरात.

पाठ 4 लीग-1 या फ्रान्समधल्या सर्वोच्च फुटबॉल लीगवर आहे. त्यात '2020 पासून लीगला दरवर्षी 115.3 कोटी युरो मिळू लागले' असे वाक्य आहे. हा आकडा मे 2018 मधल्या प्रक्षेपण हक्कांच्या लिलावाचा आहे. तो 2020 ते 2024 या चार हंगामांसाठी लागलेला भाव होता, मिळालेली रक्कम नव्हे. त्यातला सर्वांत मोठा वाटा, वर्षाला सुमारे 80 कोटी युरो, मीडियाप्रो या स्पेनमधल्या कंपनीने द्यायचा होता. ऑगस्ट 2020 मध्ये पहिला हप्ता आला. 5 ऑक्टोबरचा 17.2 कोटी युरोंचा हप्ता आलाच नाही, डिसेंबरचाही बुडाला. डिसेंबरअखेर 10 कोटी युरो नुकसानभरपाई देऊन कंपनीने हक्क परत केले आणि तिची तेलेफूट वाहिनी फेब्रुवारी 2021 मध्ये बंद पडली. हंगामाच्या उरलेल्या सामन्यांसाठी कॅनाल प्लस या फ्रेंच सशुल्क वाहिनीने मोजले अवघे साडेतीन कोटी युरो. पुढच्या हंगामापासून दर आठवड्याच्या दहांपैकी आठ सामने ॲमेझॉनने वर्षाला सुमारे 25 कोटींना घेतले, तर उरलेल्या दोन सामन्यांचे 33.2 कोटी कॅनाल प्लसच्या गळ्यात जुन्या करारामुळे तसेच राहिले. आठ सामने स्वस्त आणि दोन महाग, असा हा उफराटा भाव का पडला, हे विद्यार्थ्याला समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. आपल्या पाठात त्यावर एक ओळही नाही.

हमीचा मुद्दा तर पूर्ण गाळलेला आहे, आणि आमच्या मते हाच या पाठाचा प्राण असायला हवा होता. इटलीच्या सेरी-आ या सर्वोच्च लीगने त्याच मीडियाप्रोची वर्षाला 105 कोटी युरोंची बोली फेब्रुवारी 2018 मध्ये स्वीकारली होती. पण कंपनीने ठरलेली बँक हमी दिली नाही, म्हणून मे महिन्यात लीगने करार मोडला. त्याच मे महिन्यात फ्रान्सने त्याच कंपनीला हक्क दिले आणि बँकेऐवजी तिच्या मूळ, म्हणजे मालक, कंपनीच्या हमीवर समाधान मानले. बँक हमीत हप्ता चुकला की बँक पैसे मोजते. मूळ कंपनीची हमी म्हणजे ज्याच्या खिशात खडखडाट आहे त्याच्याच थोरल्या भावाने दिलेला शब्द. इंग्लंडने हा धडा आधीच गिरवला होता. आयटीव्ही डिजिटल या दूरचित्रवाणी कंपनीने प्रीमियर लीगखालच्या विभागांच्या फुटबॉल लीगशी तीन हंगामांसाठी 31.5 कोटी पौंडांचा करार केला आणि 2002 च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला. 17.85 कोटी पौंड येणे बाकी होते. लीगने मालक कंपन्या कार्लटन आणि ग्रॅनाडा यांच्यावर दावा लावला, पण त्यांची हमी सही-शिक्क्यानिशी घेतलेलीच नव्हती, म्हणून ऑगस्ट 2002 मध्ये दावा फेटाळला गेला. खालच्या विभागांतल्या क्लबांनी त्या पैशांच्या भरवशावर खेळाडूंचे पगार आधीच वाढवून ठेवले होते.

आता तक्त्याकडे येऊ. आपल्या एक्सेलमध्ये सी-18 या घरात प्रक्षेपणाची पूर्ण वार्षिक रक्कम एकदम 'रोख आवक' म्हणून घेतली आहे आणि डी-30 मध्ये त्यावरून 'कर्जफेडीची क्षमता' काढली आहे. यात काय बिघडते ते एका काल्पनिक क्लबवर करून दाखवतो, आपल्या तज्ज्ञांनीही ते करून पाहावे. प्रक्षेपणाचे वर्षाला 450 लाख युरो, दोन-दोन महिन्यांनी 75 लाखांचे सहा हप्ते, पहिला ऑगस्टमध्ये. पगार महिन्याला 30 लाख, म्हणजे वर्षाचे 360 लाख. जानेवारीत एका जुन्या खेळाडूच्या खरेदीचा 60 लाखांचा हप्ता. ऑगस्टच्या सुरुवातीला बँकेत 20 लाख. आपला तक्ता यातून वर्षाला 30 लाखांची शिल्लक दाखवतो आणि शेजारी हिरवा रंग देतो. महिन्यावार मांडा: ऑगस्टअखेर 65 लाख, सप्टेंबरअखेर 35 लाख. ऑक्टोबरचा हप्ता चुकला तर महिनाअखेर 5 लाख. नोव्हेंबरच्या पगाराला 25 लाख कमी पडतात. डिसेंबरचा हप्ताही बुडाला तर खड्डा 55 लाखांचा होतो आणि जानेवारीअखेर 145 लाखांचा. वर्षाच्या हिशेबात हिरवा दिसणारा क्लब चौथ्याच महिन्यात पगार थकवतो. तक्त्याला बारा रकाने हवेत, एक नव्हे.

याच्या पुढची पायरी म्हणजे येणे वटवून घेणे. प्रत्यक्षात अनेक क्लब ऑक्टोबरच्या हप्त्याची वाट बघत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्येच बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे तो हप्ता तारण ठेवतात, 75 लाखांऐवजी समजा 72 लाख आज घेतात आणि खेळाडू विकत घेतात. प्रक्षेपकाने पैसे बुडवले तर नुकसान कोणाचे, हे करारातले एक कलम ठरवते. वसुलीचा हक्क क्लबवर ठेवलेला असेल तर बँक तडक क्लबच्या दारात येते. तेव्हा हप्ताही आलेला नसतो आणि तो वटवून मिळालेले पैसेही खर्च झालेले असतात. हे कलम ताळेबंदाच्या टिपांमध्ये शोधायचे असते, हेच विद्यार्थ्याला शिकवायचे. आपल्या चाचणीतला सातवा प्रश्न विचारतो: 'प्रक्षेपकाने हप्ता थकवल्यास क्लबच्या कर्जावर परिणाम होतो का?' आणि बरोबर उत्तर म्हणून 'नाही, कारण करार लीगशी असतो' हे धरले आहे. ज्यांनी 'होतो' लिहिले त्यांचे गुण कापले गेले. हे उत्तर साफ चूक आहे.

ते चूक कसे, याचा दाखला फ्रान्समध्येच आहे. एप्रिल 2020 मध्ये महामारीमुळे हंगाम अर्ध्यावर थांबला तेव्हा लीगने सरकारी हमीवर 22.45 कोटी युरोंचे कर्ज काढून क्लबांना वाटले. शरद ऋतूत मीडियाप्रोने तोंड फिरवल्यावर पुन्हा कर्ज काढावे लागले. करार लीगशी होता हे खरे, पण परतफेड क्लबांच्याच पुढच्या उत्पन्नातून व्हायची. सहा वेळा फ्रान्सचे विजेते ठरलेल्या बोर्दोच्या मालक निधीने, किंग स्ट्रीटने, एप्रिल 2021 मध्ये महामारी आणि मीडियाप्रोचे बुडालेले पैसे ही कारणे देऊन हात वर केले. क्लब 2022 मध्ये दुसऱ्या विभागात गेला. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने व्यावसायिक दर्जा सोडला आणि चौथ्या पातळीवर खेळू लागला. 1881 साली स्थापन झालेल्या क्लबचे हे झाले. आपल्या पाठात बोर्दोचे नाव फक्त 'मोठ्या स्टेडियमचे क्लब' या यादीत येते.

पाठ 5 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने 2022 मध्ये दिलेल्या 150 कोटी युरोंना 'लीगला मिळालेली मदत' म्हटले आहे. ती मदत नव्हती. त्या बदल्यात लीगच्या व्यापारी कंपनीचा 13 टक्के हिस्सा दिला गेला, तोही मुदत न ठेवता. मुद्दल परत करायचे नसले तरी दरवर्षीच्या उत्पन्नातून वाटा जात राहतो. वाटपही पाहा: पॅरिस सेंट-जर्मेनला 20 कोटी, तर तेव्हा दुसऱ्या विभागात असलेल्या ल हाव्रला 15 लाख युरो. पुढे ल हाव्र वर आला आणि सीव्हीसीच्या वाट्याचा भार त्याच्यावरही तसाच पडला. त्या क्लबने कोर्टात धाव घेतली, यात नवल नाही. त्यानंतर 2024 मध्ये डॅझोन या ऑनलाइन प्रक्षेपण कंपनीने वर्षाला 40 कोटींना दर आठवड्याचे आठ सामने घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये हप्त्याचा निम्माच भाग भरला आणि एका हंगामानंतर करार संपला. ऑगस्ट 2025 मध्ये लीगने स्वतःची लीग-1 प्लस वाहिनी महिन्याला 14.99 युरोंना विकायला सुरुवात केली. म्हणजे बहुतेक सामन्यांसाठी ठरलेली रक्कम नाहीच, वर्गणीदार जितके तितके पैसे. आपला पाठ 2020 वरच थांबलेला असताना विक्रीच्या पानावर 'अद्ययावत' लिहिणे ही दिशाभूल आहे.

पाठ 7 बार्सिलोनावर आहे आणि त्यात दोन गोंधळ आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितलेल्या 135 कोटी युरोंना आपण 'बँक कर्ज' म्हटले आहे. त्यात बँकांचे देणे 67.3 कोटी होते. बाकीच्यात खेळाडूंचे पुढे ढकललेले पगार, दुसऱ्या क्लबांना द्यायचे खरेदीचे हप्ते वगैरे होते. एकूण देणी आणि कर्ज यांतला हा फरक पहिल्याच पानावर हवा. दुसरा गोंधळ असा की, 2022 मध्ये सिक्स्थ स्ट्रीट या गुंतवणूक कंपनीला दिलेल्या, ला-लिगा या स्पॅनिश लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या 25 टक्के हिश्शाला आपण 'कर्जफेड' म्हटले आहे. ही विक्री होती, 25 वर्षांच्या उत्पन्नाची. पहिले 10 टक्के 20.75 कोटी युरोंना 30 जून 2022 रोजी, म्हणजे क्लबच्या आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी विकले गेले, आणि पुढचे 15 टक्के जुलैत, नव्या वर्षात. तारखांची ही मांडणी उगाच नव्हती. एका वर्षाचा तोटा त्यामुळे नफ्यात गेला, पण पुढच्या प्रत्येक हंगामात ला-लिगा प्रक्षेपणाची आवक चतुर्थांशाने कमी. तक्त्यात ही वजावट दाखवायला जागाच नाही.

पाठ 9 मधली चूक लहान आहे आणि सहज दुरुस्त होईल. इंग्लंडची प्रीमियर लीग देशांतर्गत प्रक्षेपणाचे पैसे 'सर्व क्लबांना समान' वाटते, हे बरोबर नाही. निम्मे समान, चतुर्थांश क्रमवारीनुसार आणि चतुर्थांश किती सामने थेट दाखवले त्यानुसार. खालच्या विभागात उतरलेल्या क्लबला समान वाट्याच्या 55, मग 45, मग 20 टक्के असे तीन वर्षे मिळतात. एकच हंगाम वर राहून उतरला असेल तर तिसरे वर्ष नाही. त्याच पाठात 'युरोपात क्लबांच्या कर्जावर नजर ठेवणारी यंत्रणा नाही' असेही विधान आहे. फ्रान्सची डीएनसीजी ही क्लबांचे हिशेब तपासणारी संस्था 1984 पासून हेच काम करते. जून 2025 मध्ये तिने ऑलिंपिक लियाँला आर्थिक कारणावरून दुसऱ्या विभागात टाकले होते, जुलैत अपिलात तो निर्णय फिरला.

एक सूचनाही करतो, ही तक्रार नाही. एफसी गोवा आणि मुंबई सिटीचे पाठीराखे आपले ग्राहक असणारच. 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्क वर्षाला 50 कोटी रुपयांना 15 वर्षांसाठी दिले होते. डिसेंबर 2025 च्या मुदतीपूर्वी नवा करार ठरेना, म्हणून जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच थांबवून ठेवावा लागला. एका करारावर सगळी लीग उभी असली की काय होते, हे मराठी वाचकाला जवळच्या उदाहरणावरून कळेल. त्यावर एक पाठ जोडावा.

आमच्या मागण्या अशा. वरील चारही पाठ आणि एक्सेल तक्ता दुरुस्त करून सर्व विद्यमान ग्राहकांना विनाशुल्क पाठवावा आणि काय बदलले ते स्पष्ट कळवावे. सातव्या प्रश्नाचे गुण ज्यांचे कापले गेले त्या सर्वांना परत द्यावेत. दुरुस्ती होईपर्यंत विक्रीच्या पानावरून 'अद्ययावत' हा शब्द काढावा. बारांपैकी चार पाठ निकामी ठरले, म्हणून शुल्काचा एक तृतीयांश, प्रत्येकी 2,000 रुपये, असे सहा जणांचे 12,000 रुपये मूळ खात्यांत जमा करावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. पाठ 4, 5, 7 व 9 मधली वादग्रस्त वाक्ये, चाचणीच्या सातव्या प्रश्नाचे चित्र, दुरुस्त केलेला बारा महिन्यांचा तक्ता आणि सहा पावत्या सोबत जोडल्या आहेत. तक्ता आम्ही तयार करून दिला आहे, तो आपण तसाच वापरला तरी आमची हरकत नाही.

कळावे,

आपले सहा ग्राहक
(नोंदणी क्रमांक पावत्यांवर आहेत)