ताईला पत्र : घाटावर बसण्याआधी

सिएटल
ऑक्टोबरातला दुसरा रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही चौघी मिळून दर रविवारी सकाळी वाईच्या घाटावर चित्रं काढायला बसणार आणि त्याची एक वही करणार, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, काय काय आणायचं. त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून लिहिते. बाजारात जायच्या आधी वाच, कारण निम्मं सामान आणू नको असंच सांगायचं आहे.

इथे असं रस्त्यावर बसून चित्रं काढणाऱ्यांना अर्बन स्केचर्स म्हणतात. 2007 साली इथल्याच एका वर्तमानपत्रासाठी चित्रं काढणाऱ्या गॅब्रिएल कांपानारिओ या स्पॅनिश चित्रकारानं हे सुरू केलं. आता जगभर शाखा आहेत, पुण्या-मुंबईतही. पहिला नियम एवढाच की चित्र जागेवर बसून, समोर दिसतंय ते पाहून काढायचं. घरी फोटोवरून काढलेलं यात धरत नाहीत. सकाळी दहाला जमतात, पांगतात, साडेबाराला परत येऊन सगळ्या वह्या उघड्या करून जमिनीवर ओळीनं मांडतात. कुणी मार्क देत नाही. शेजारणीनं तोच खांब कसा काढला हे मात्र दिसतं, आणि शिकणं बरंचसं तिथेच होतं. तुम्हीही शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखा. चहा नंतर.

आता वही. तयार चित्रवही घेतलीस तर पुठ्ठ्यावर कागदाचं वजन बघ. 200 जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खालचा कागद पाणी लागलं की पापडासारखा उचलतो. 300 असेल तर उत्तम, पण तशा वह्या महाग, आणि महागड्या वहीत पहिलं पान खराब होण्याची भीती इतकी की ती कपाटातच राहते. त्यापेक्षा 22 बाय 30 इंचाचा 300 जीएसएमचा एक मोठा ताव आण. 22ची बाजू निम्मी, 30चे चार भाग, म्हणजे 11 बाय साडेसात इंचाचे आठ तुकडे. प्रत्येकाची मधोमध घडी घाल. जाड कागद घडीवर तडकतो, म्हणून आधी सुरीच्या बोथट पाठीनं रेघ दाबून घे. दोन घड्या एकात एक घातल्या की आठ पानांची पातळ वही होते. एका तावात अशा चार. शिवण सोपी आहे: घडीवर तीन भोकं पाड. मेण लावलेला जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढ, वरच्यातून आत ने, आतल्या आत थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन तिथून बाहेर काढ, मधल्यातून परत आत घे आणि गाठ मार. आठ पानं म्हणजे साधारण दोन महिने. बिघडलीच तर एक पातळ वही बिघडली.

पेन वॉटरप्रूफ हवं. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. साध्या जेल पेनानं रेघा काढल्या आणि वर रंग फिरवला की देवळाचं शिखर शाईसकट नदीत वाहून जातं. पिगमेंट शाईचं 0.3 आणि 0.5 अशी दोन पेनं पुरेत. त्यांची शाईसुद्धा कागदावर टेकल्या टेकल्या पक्की होत नाही. कागदाला खळ जास्त असेल किंवा हवा दमट असेल तर दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर आधी बघून घे: एकाखाली एक पाच रेघा काढ, मग दर अर्ध्या मिनिटानं एकेका रेघेवरून ओला ब्रश फिरव. जी फिसकटत नाही, तिथपर्यंतचा वेळ तुझ्या वहीचा. आणि भाऊजींच्या फाउंटन पेनात बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही भरू नको. ती टाकानं वापरायची असते. आत वाळली की पेन कायमचं गेलं.

जलरंग सहाच: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. लाल घेताना अलिझरिन क्रिमसन टाळ, ट्यूबवर पीआर 83 हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला तर नकोच, तो उजेडात उडतो. काळा नको, तयार हिरवा तर मुळीच नको. सहाच ट्यूब घ्यायच्या तर आर्टिस्ट दर्जाच्या घे. विद्यार्थी दर्जात रंगद्रव्य कमी आणि नुसती भर जास्त असते, वाळल्यावर चित्र खडू फासल्यासारखं दिसतं. ट्यूबमधला रंग छोट्या डबीत भरताना एकदम काठोकाठ भरू नको, वर साय धरते, आत ओलं राहतं आणि नंतर सगळी वडी तडकून बाहेर पडते. तीन थरांत भर, प्रत्येक थर पूर्ण वाळू दे. पावसाळ्यात डबी मिटून ठेवली की बुरशी येते, तेव्हा घरी आल्यावर ती उघडी ठेवायची.

बाकी 8 नंबरचा एक गोल ब्रश, 2बी पेन्सिल, झाकणाची छोटी बाटली, जुन्या सुती साडीचा तुकडा, दोन बाइंडर क्लिपा. साडीचा तुकडा विसरू नको. ब्रशात पाणी किती ठेवायचं हे तो ठरवतो, आणि पाणी जास्त झालं की रंग हाताबाहेर जातो. बसायला घडीचं स्टूल. फूटपट्टी आणि खोडरबर घरी. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेनं आपल्या सगळ्यांच्या हाताला खोडायची सवय लावून ठेवली आहे. इथे चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढायची आणि पुढे जायचं, दोन्ही दिसू देत.

बसल्यावर पहिली गोष्ट, नजरेची रेषा. समोर हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांच्या पातळीत आडवी धर आणि ती जिथे येते तिथे पानावर फिकट रेघ मार. सपाट जागी तू उभी असशील तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण याच रेघेवर येतात, फक्त पाय कमीजास्त खाली जातात. तू स्टुलावर असशील तर हीच रेघ त्यांच्या पोटाच्या जरा वरून जाते. गर्दी काढताना लांबची माणसं हवेत तरंगतात ती एवढं न पाळल्यामुळे.

घाटावर तर याच्यावरच सगळं आहे. तू मधल्या पायरीवर बसलीस तर नजरेच्या खालच्या पायऱ्यांची पाऊल ठेवायची सपाटी दिसते, वरच्यांची दिसत नाही, नुसते उभे दगड एकावर एक दिसतात. बहुतेकजण घाट म्हणजे पायऱ्या हे मनात धरून वरच्या पायऱ्यांनाही सपाटी काढतात, आणि घाट अंगावर कोसळल्यासारखा दिसतो. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशासारखी निमुळती केली आहे, ती काढतानाही हेच. टोक तुझ्याकडे असेल तर नजरेच्या वरचे दगडांचे थर मध्ये उंच होतात, खालचे मध्ये झुकतात, आणि बरोबर नजरेवरचा थर सरळ. तेवढे तीन थर नीट काढलेस की पुरे, बाकीचे दगड मोजत बसू नको.

दगड काळा आहे म्हणून काळा रंगवू नको. अल्ट्रामरीन दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग मिसळलं की थंड राखाडी येतो, उलटं केलं की उन्हातला तपकिरी. पायरीची सपाटी ऊन खाते, ती जवळजवळ कोरीच ठेव. उभा भाग गडद. कागदाचा पांढरा एकदा गेला की परत येत नाही. एवढ्यानेच ऊन दिसतं.

वेळ पाऊण तासाचा धर. पाच मिनिटं काडेपेटीएवढ्या चौकटीत पांढरं, मधलं, गडद असे तीनच भाग करून बघायचं. वीस मिनिटं रेघा, पंधरा मिनिटं रंग, उरलेली पाच लिहिण्याची. ऊन असेल तर सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच पेन्सिलीनं आखून टाक आणि शेवटपर्यंत त्याच ठेव, कारण तासाभरात सूर्य 15 अंश सरकतो. सावली सरकेल तशी बदलत गेलीस तर चित्रात दोन सूर्य होतात. इथे या दिवसांत उलट त्रास: सात-आठ अंशांच्या थंडीत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळतच नाही, दुसरा थर दिला की चिखल. तुमच्याकडे एप्रिलात रंग ब्रशाखालीच वाळेल आणि मध्येच कडक काठ उमटतील. सावलीत बस, वही जरा तिरकी धर आणि आकाशासाठी रंग आधी भरपूर कालवून ठेव, मध्येच संपला की कालवेपर्यंत काठ वाळतो.

लिहिण्याची पाच मिनिटं वगळू नको, त्याशिवाय ती नुसती चित्रवही होते. तारीख, वेळ, नदीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे, कोण धुणं धुवत होतं, कुठला रंग कशात मिसळला. अक्षर चित्राच्या आकाराला धरून लिही, कोपऱ्यात कोंबू नको. पेठेतल्या दुकानांच्या पाट्या काढशील तेव्हा आधी शिरोरेखा काढ, तिचा उतार भिंतीच्या उताराशी जुळव, मग अक्षरं खाली लटकव. अक्षरांपासून सुरुवात केली तर पाटी हमखास वाकडी होते. बसचं तिकीट, पुडीचा कागद चिकटवायचा तर गोंदाची कांडी वापर, पातळ फेविकॉलनं पान आक्रसतं. दोन पानांवर मिळून चित्र काढशील तेव्हा शिवणीवर माणसाचं तोंड किंवा देवळाचा कळस येऊ देऊ नको, रंग त्या खाचेत साठतो.

कार्यशाळेला जायचं मनात असेल तर पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचार: माणसं किती, आणि तीन तासांपैकी शिकवणारा स्वतः किती वेळ काढून दाखवणार. दीड तास प्रात्यक्षिक असेल तर ती मैफल झाली, कार्यशाळा नव्हे. पंधराच्या वर माणसं असतील तर तुझ्या वहीपर्यंत कुणी पोचत नाही. आणि तिथले सराव सुट्या कागदावर न करता याच वहीत कर, घसरलेलेसुद्धा. नाहीतर घरी येईपर्यंत कागद कुठे जातो कळत नाही.

पहिला रविवार झाला की पानाचा फोटो पाठव. खिडकीपाशी सावलीत, फ्लॅश बंद, फोन पानाशी समांतर. आणि मेणवलीला जायचं ठरलं तर घाटावरच्या त्या घंटेचं, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतल्या, एक पान माझ्यासाठी काढ. घंटा टांगलेलं ते छोटं देऊळ स्टुलावरून काढ, उभ्यानं नको, म्हणजे कमान नजरेच्या वर जाईल आणि घंटेचं तोंड खालून दिसेल.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी