डाव्या पायाची नखं

पिंपरी,
गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा

प्रिय आई आणि पप्पा,

दोघांना सलाम.

आज प्रभुभोजनाची उपासना होती. ही गेली, मी थांबलो, कारण हिच्या आईजवळ, मामींजवळ, कोणीतरी हवं आणि आजची पाळी माझी. गंमत बघा, अकरा वर्षं चर्चची पायरी चढलो नाही ती रागानं. आता जावंसं वाटतं तर पाळी आडवी येते. ट्रस्टच्या जागेवरून तेव्हा जे झालं, कोर्टकचेरी, पाळकसाहेबांच्या तोंडावर कागद फेकणं, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणायचो, ही असली मंडळी असेल तर आपण बाहेर बरे. पप्पा, तुम्ही वाद घातला नाहीत. एकदाच म्हणालात की कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. घरात देव आला तरी बाईंनी पाच वर्षं घेतली. लक्ष्मीबाईंना सगळं सोवळं-ओवळं सोडायचं होतं. मला नुसता हट्ट सोडायचा होता, त्याला अकरा लागली.

आई, तू फोनवर सांगितलंस तसंच चाललंय. दर दोन तासांनी कूस, पाठीमागे उशी तिरकी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, चादरीला सुरकुती नको. डाव्या टाचेला लाल झालं होतं ते उतरलंय. चोळू नको म्हणालीस, चोळलं नाही. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात शिकलेलं तुझं अजून तोंडपाठ आहे. त्याच्या स्थापनेचं 1894 साल तू आमच्या वाढदिवसांपेक्षा नीट लक्षात ठेवतेस, त्यावरून आम्ही तुला किती चिडवायचो.

रात्री एकची आणि तीनची कूस माझ्याकडे असते. मधल्या वेळात झोप लागत नाही आणि लागली तर उठवत नाही, म्हणून पप्पांचा जुना पवित्र शास्त्राचा ग्रंथ घेऊन बसतो, तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणांचा. दर्शन वगैरे काही झालेलं नाही. निम्मा वेळ जांभया. योहानाचा तेरावा अध्याय कितीतरी वेळा ऐकलाय, पण मला त्यातला पेत्रच आठवायचा, येशूला पाय धुऊ देणार नाही म्हणणारा. येशूला धरून देणारा यहूदा बाहेर जातो तो तिसाव्या वचनात, हे आत्ता दिसलं. म्हणजे पाय धुतले तेव्हा तो तिथंच बसलेला. त्याचेही धुतले.

मग मी काय करावं? मामींना लगेच यहूदाच्या जागी बसवलं आणि कमरेला रुमाल गुंडाळून स्वतः येशूच्या जागी उभा राहिलो. दोन-तीन रात्री तो थाट चालला. नंतर माझी मलाच लाज वाटली.

आमच्या लग्नात मामी पंगतीत काय बोलल्या ते मी कधी विसरलो नाही. "मास्तराच्या घरात पोरगी दिली, आता चहासुद्धा मोजून मिळायचा." पप्पा, तुम्ही हातातला घास ताटात ठेवला आणि हसलात. ते हसू मला एकोणीस वर्षं टोचतंय. शब्बाथ शाळेत तुम्ही पहिल्या करिंथकरांचा तेरावा अध्याय, प्रीतीचा, पाठ करून घेतलात, बक्षिसाला स्टीलचा पेला मिळाला होता. त्यात 'अपकार स्मरत नाही' असं आहे. मी तर तारखेसकट स्मरत होतो. आणि 'चिडत नाही' ही ओळ माझी रोज चुकते. काल पातळ भात सांडला तेव्हा मी भांडं आपटलं. त्या काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे बघत राहिल्या. अख्ख्या अध्यायात कुठं म्हटलंय का, की ज्याचं करायचं तो आधी आवडला पाहिजे? मला तरी सापडलं नाही. माझं एवढ्यावर निभतंय.

रविवारी त्यांची नखं कापायला घेतली. पायाची नखं जाड झालीत, पिवळी, अंगठ्याचं तर वळून कातडीत शिरायला आलेलं. कोमट पाण्यात पाय भिजवायला टब घेतला तर उजवा पाय त्यांनी मागे ओढून घेतला. "जावईबापू, पायाला हात नका लावू. पाप लागंल मला." ही म्हणाली, राहू दे, मी करते. पण हिचा हात परवा पोळलाय. मी डाव्या पायापासून सुरुवात केली. डावा पाय त्यांच्या ताब्यात नाही, तो नाही म्हणू शकत नाही. ही लबाडीच होती, मला कळत होतं. अर्धा तास लागला. नेलकटरचा दात मोडला. मामी डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्यात असं समजून मी टब उचलला, तेवढ्यात चादरीखालून उजवा पाय हळूच पुढे आला. टाच टबाच्या काठाला लागली आणि तिथंच थांबली.

दोघंही काही बोललो नाही. अंगठ्याचं नख तसंच राहिलं, नेलकटरनं जमेना.

ही आत्ताच आली. चर्चमध्ये तुमची चौकशी झाली म्हणते. मी सहा महिने शेवटच्या बाकावर बसतो आणि शेवटचं गीत सुरू झालं की सटकतो, तेही लोकांनी हेरलंय. असो.

आई, येताना तुझी ती बाकदार कात्री आण, देव्हाऱ्यासारखी जपून ठेवतेस ती. गुडघ्यांना बसचा प्रवास सोसत नसेल तर सांगा, मी शनिवारी गाडी करून घ्यायला येतो. पप्पा, तुम्ही मामींच्या खोलीत जाल की बाहेरच्या खोलीत बसाल, ते तुमचं तुम्ही बघा. माझं काही म्हणणं नाही. मात्र काल रात्री तीनच्या कुशीला त्यांनी विचारलं, "मास्तरांचे गुडघे कसे आहेत?"

मी म्हटलं, दुखतात.

"तेल लावायला सांगा," म्हणाल्या.

तुमचा,
थोरला