दुधाच्या दाढा वाचवायलाच हव्यात

‘दुधाचे दात पडणारच, उपचार कशाला?’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. पुढचे दात 6-7 व्या वर्षी पडतात. दुधाच्या दाढा मात्र 10-12 वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या किडून लवकर काढल्या, तर 6 व्या वर्षी मागे येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. बहुधा रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवल्याची. पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, 3 वर्षांनंतर वाटाण्याएवढी, ब्रश पालकांच्या हाती. इंदुरात पोहे-जिलबी काही सुटायची नाही. निदान रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याखेरीज काही देऊ नये.

– एक दंतवैद्य, इंदूर