सुमे, धावले गं मी पूर्ण मॅरेथॉन!

जळगाव,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय सुमे,

त्या दिवशी फोनवर तू "अगं, जमलं तरी कसं?" म्हणालीस, आणि मागून तुझ्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

जमलं ते हळू धावल्यामुळे. शर्यत म्हणजे वेग, हेच शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय. ४२.१९५ किलोमीटरला तो हिशोब चालत नाही. सरावातलं बहुतेक पळणं असं हवं, की सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता यावं. शब्द तुटायला लागले की वेग उतरवायचा. अशा संथ पळण्यानं स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीराला चरबी वापरायची सवय लागते. ही सवय फार मोलाची, कारण अंगात साठलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि खरी मॅरेथॉन तिथून पुढे असते.

हे मला सगळ्यात आधी आपल्या उन्हानं शिकवलं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, पहाटेसुद्धा हवेत गारवा नाही. मेहरूण तलावाकाठी जोर लावू म्हटलं, तर छाती धाडधाड उडायची. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, पायांच्या वाट्याला कमी येतं. मग काय, उन्हाळाभर वेगाचा विचारच सोडला. पावसाळ्यात शेतरस्त्यांवर काळी माती बुटाला अशी चिकटायची की पाच-दहा पावलांनी थांबून काडीनं खरवडावी लागे, म्हणून तेव्हा डांबरी रस्ताच बरा. हिवाळा मात्र आपला! डिसेंबरात केळीच्या बागांवर धुकं, नाकाचा शेंडा गार, आणि पाय नुसते निघतात.

रविवारी लांब पल्ला. आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवत तीस-बत्तीसपर्यंत न्यायचा आणि शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी कमी करत आणायचा. गिरणेकडच्या रस्त्याला शेतावर निघालेल्या एक आजी नेहमी भेटायच्या. पहिल्यांदा काळजीनं विचारलं, "कथा पयी राहिनी व माय?" मी सांगितलं, "मुंबईले!" नंतर त्या माझ्यासाठी पदराच्या गाठीला मूठभर बोरं बांधून आणू लागल्या. थांबून खायचे मी. तेवढं थांबल्यानं सराव बिघडत नाही.

खाण्याचं म्हणशील तर महागड्या पाकिटांची गरज नाही. केळी घरची, शेंगदाणे-गूळ आहेच, आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू. नुसतं पाणी ढोसत राहू नकोस, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस आजारी पडतो. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री तिखट बंद. ऐन भरताच्या दिवसांत शनिवारी वरण-भात खाणं जड गेलं, पण पहाटे पोट शांत राहतं.

घरात सुरुवातीला "या वयात कशाला?" झालंच. बाईच्या पळण्यावर हा प्रश्न फार जुना आहे. १९२८ च्या ऑलिंपिकनंतर, बायकांना झेपत नाही म्हणून त्यांची आठशे मीटरची शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली होती. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ ला, म्हणजे आपण जन्मलो त्या वर्षी! अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत ती जिंकली. हे कळल्यावर मला कुणाला उत्तर द्यावंसंच वाटेना.

शर्यतीची पहाट धामधुमीत गेली. सीएसएमटीसमोर अंधारात उभी होते, आजूबाजूला हजारो माणसं. सी-लिंकवर वारा छान होता. पण मुंबईत घाम वाळत नाही गं, आपल्या कोरड्या हवेत वाढलेल्या अंगाला ते सोसत नाही. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ आला. मांड्या दगड झालेल्या, कितीतरी जण चालत होते. एका अनोळखी बाईनं मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली आणि "चल, शेवटचा चढ!" म्हणाली. खारट-आंबट पाणी घशाखाली गेलं तसे डोळे भरून आले. चढ मी अगदी बारीक पावलांनी चढले, पण पळतच. साडेपाच तासांनी पोचले. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, बाकी ठणठणीत आहे.

आता तुझं. धुळ्यात थंडी आहे तोवर सुरू कर. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरानं पाय जरा फुगलेले असतात. बोटांपुढे अंगठाभर जागा राहू दे. पहिले काही आठवडे एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. गुडघा दुखला तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव. होळीला इकडे येशील ना, तेव्हा बूट बरोबर आण. भरीत-पुरी पळून आल्यावर.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानंच दे.

तुझीच,
शाळेतली बाकशेजारीण